रिकामी जागा रिकामीच ठेवा : सोलापूरहून एक खुले पत्र

प्रति,
ज्या मुक्त स्रोत हिशेब-प्रोग्रॅमचं मराठी मी 2016 पासून सांभाळतो, त्याची मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारी) मंडळी आणि प्रकाशन समिती यांस

विषय : भाषांतरातल्या रिकाम्या ओळी यंत्राकडून भरून घेण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहितो आहे. इंग्रजीत चार वेळा लिहून झालं. दोनदा उत्तर आलं नाही, एकदा 'नोंद घेतली' असं आलं आणि चौथ्यांदा तुमच्यातल्या एकाने कळवलं की मराठीची काळजी सोडा, मार्चच्या आवृत्तीपासून उरलेलं काम कायमचं यंत्र, म्हणजे आपोआप भाषांतर करणारा प्रोग्रॅम, करणार आहे. यंत्राला मराठी पुरेसं येतं असं तुमचं म्हणणं असेल, तर हे पत्रही त्यालाच वाचायला द्या.

प्रोग्रॅमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहेच, आणि इतरांना कळलं तर चार उत्साही मंडळी तुमच्या दारात जाऊन शिव्या घालतील. मला ते नको आहे. तुमच्यातले दोघे नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात, मीही दुकानाचं शटर ओढल्यावरच करतो.

दुकान म्हणजे अशोक चौकाच्या मागं असलेलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. 2016 मध्ये एका टॉवेल कारखानदाराच्या जुन्या मशिनवर मी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली आणि त्यावर तुमचा प्रोग्रॅम बसवला. मालक घरी तेलुगू बोलतात, मागावरच्या माणसांशी कधी तेलुगू कधी कन्नड, बँकेत हिंदी, आणि वही मराठीत लिहितात. सोलापुरात यात नवल काही नाही. हिशेब लिहिणारे काका साठीच्या घरातले. त्यांनी इंग्रजी मेनू बघितला आणि माउसवरचा हात काढून घेतला. "आपली वहीच बरी की ओ." त्यांच्यासाठी म्हणून मी पहिल्या दोनशे ओळी मराठीत केल्या, आणि मग थांबता आलं नाही.

सुरुवातीला मीही पुस्तकी लिहिलं, हे कबूल करतो. छापण्याआधी पान दाखवणाऱ्या बटणाला मी 'मुद्रण पूर्वावलोकन' म्हटलं होतं. काकांनी विचारलं, "ह्यी पूर्वा कोण?" त्या दिवसापासून तिथं 'छापण्याआधी पाहा' आहे. उलट रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक, ताळेबंद हे शब्द मला शोधावेही लागले नाहीत. कॉमर्सच्या मराठी पुस्तकात तेच आहेत आणि काकांच्या तोंडीही तेच. आज माझ्या ओळखीतले अकरा कारखाने आणि दुकानं हा प्रोग्रॅम मराठीत वापरतात. 2019 पासून तीन वर्षं विंडोजचा इन्स्टॉलरही मीच बांधत होतो, त्यामुळे तुमची बिल्डची (प्रोग्रॅम बांधण्याची) स्क्रिप्ट कुठं अडते आणि का अडते हे मला पाठ आहे. तेव्हा हे नुसतं भाषांतरकाराचं रडगाणं समजू नका.

जे वाचक या कामात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ प्रोग्रॅमर इंग्रजीत लिहितो आणि तिच्यावर खूण करतो. गेटटेक्स्ट नावाचं साधन अशा ओळी गोळा करून यादी बनवतं. प्रत्येक भाषेची एक पीओ फाइल असते, तिच्यात वर इंग्रजी ओळ आणि खाली तिचं भाषांतर. प्रोग्रॅम बिल्ड होताना, म्हणजे कोडमधून चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम बांधला जाताना, त्या फाइलीचंही आटोपशीर रूप तयार होऊन इन्स्टॉलरमध्ये जातं. भाषांतर नसेल तिथं इंग्रजी ओळ तशीच दिसते. आणि इंग्रजी ओळ जरा बदलली, तर गेटटेक्स्ट जुनं भाषांतर अंदाजाने नव्या ओळीला चिकटवतं आणि त्यावर 'फझी' असा शिक्का मारतं. माणसाने बघून खात्री करेपर्यंत ते कच्चं. फझी ओळी बिल्डमध्ये घ्यायच्या नाहीत, हा गेटटेक्स्टचा मूळचा शिरस्ता. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता तक्रारी.

पहिली तीन टिंबांची. गेल्या वर्षी जानेवारीत तुम्ही मेनूमधली सुटी तीन टिंबं काढून तिथं तीन टिंबांचं एकच अक्षर घातलं, आणि त्याच झटक्यात मथळ्यांमधली इंग्रजी कॅपिटल अक्षरं लहान केली. इंग्रजी वाचणाऱ्याच्या हे लक्षातही यायचं नाही. मराठीत तर कॅपिटल हा प्रकारच नाही. पण गेटटेक्स्टच्या लेखी ओळ बदलली ती बदललीच. साडेचार हजारांपैकी हजारावर ओळी एका रात्रीत फझी झाल्या आणि पक्क्या मराठी ओळींचं प्रमाण 94 टक्क्यांवरून 71 वर आलं. मराठीतला एक शब्दही चुकलेला नव्हता. असा बदल करताना त्याच स्क्रिप्टने सगळ्या पीओ फाइलींमधली इंग्रजी ओळही बदलली, तर एकही भाषांतर पडत नाही. कोणाच्या मनात आलं नाही. ओळी गोठवल्याचा, म्हणजे आवृत्ती निघेपर्यंत इंग्रजी ओळी आता बदलणार नाहीत असा, निरोप आला तो आमच्या गड्ड्याच्या यात्रेत, आणि मुदत चार दिवसांची. गावात नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यातून 160 ओळी केल्या. 74 टक्के.

दुसरी त्यानंतरच्या मार्चची. तुम्ही ऑटोटूल्स ही बिल्डची जुनी साधनं सोडून मेसन या नव्या साधनावर आलात. त्याला माझा विरोध नाही. लिनक्सचा ग्नोम हा डेस्कटॉप बनवणारी मंडळी 2017 च्या सुमारास त्याच वाटेने गेली, आणि जो बिल्ड होईपर्यंत माझे तीन चहा व्हायचे तो आता एका चहात होतो. पण बिल्डमध्ये कुठल्या भाषा घ्यायच्या याची जी छोटी यादी असते, ती नव्याने लिहिताना तुम्ही 80 टक्क्यांखालच्या भाषा गाळल्या. मराठी गेली, तेलुगू गेली, कन्नड गेली. बदलांच्या नोंदीत एवढंच की 'बिल्डची साफसफाई केली'. मला कळलं ते गिऱ्हाइकाच्या फोनवरून, "सर, अपडेट मारलं आणि सगळं इंग्रजी झालं." तेलुगू सांभाळणाऱ्या शिक्षिकाबाई याच गावातल्या, त्यांना मी सांगितलं. मी लगेच पॅच, म्हणजे फाइलीतली दुरुस्ती, पाठवला. तीन भाषांच्या दोन-दोन अक्षरी खुणा परत यादीत घालायच्या, एकूण सहा रोमन अक्षरं. पाच महिने त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

बिल्डच्या फाइली कोणी वाचत नाही, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. त्याला वाट करून देणारा तुकडा कोडच्या भांडारात नव्हताच. तो होता प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या बिल्डच्या एका मॅक्रो फाइलीत, जिथं सहसा कोणी डोकावत नाही. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याच्या मागं लागलेल्या अँड्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे तो उघडा पडला. तुमच्याकडे बिल्डच्या फाइली ओळ न् ओळ वाचणारा एक माणूस फुकट होता. त्याचा सहा अक्षरांचा पॅच तुम्हाला वाचवला नाही.

तिसरी तक्रार सप्टेंबरची, आणि खरं दुखणं इथून सुरू होतं. नवी आवृत्ती आली, तीत मराठी आणि तेलुगू परत होत्या. आकडा बघितला तर 100 टक्के. मिनिटभर मला आनंदही झाला. मग वसुलीचा नवा अहवाल उघडला.

येणे बाकी दाखवणाऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'उत्कृष्ट'. इंग्रजीत आउटस्टँडिंग आहे ना, म्हणून. ज्याने आठ महिने पैसे दिलेले नाहीत त्या व्यापाऱ्याच्या नावापुढे 'उत्कृष्ट रक्कम'. व्यवहारातल्या पार्टीची 'मेजवानी' झाली होती. दुसऱ्या पडद्यावर माझा 'जमा' होता, इथं त्याच क्रेडिटचं 'श्रेय' झालं होतं. नोंद खतावण्याच्या बटणावर, इंग्रजीत पोस्ट म्हणून, 'टपाल'. अशोक चौकातल्या चहाच्या टपरीवर हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मीही हसलो.

मजुरीच्या पावतीवर मात्र हसू आलं नाही. तिथं एक नवी ओळ आली आहे : 'पेड अमुक टू तमुक'. पहिल्या रिकाम्या जागी रक्कम बसते, दुसऱ्या जागी माणसाचं नाव. मराठीत नाव आधी येतं, रक्कम नंतर. म्हणून भाषांतर करताना कुठली जागा पहिली आणि कुठली दुसरी हे आकडा घालून सांगावं लागतं, तशी सोय गेटटेक्स्टमध्ये आहे. यंत्राने वाक्य छान मराठी वळणाचं केलं आणि आकडे घातलेच नाहीत. पावती छापून आली : '12,500 यांना यल्लप्पा दिले'. तुमची आपोआप होणारी तपासणी हे पकडू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने इंग्रजीत दोन जागा, मराठीत दोन जागा, दोन्ही एकाच जातीच्या, सगळं ठीक. पकडणार तो मराठी वाचणारा माणूस. त्याला तुम्ही विचारलं नव्हतं.

आणि चौथी. यंत्राने भरल्या त्या साफ रिकाम्या ओळी. फझी ओळी उरल्याच होत्या, त्यांच्यामुळे आकडा शंभरावर जाईना. तेव्हा बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये तुम्ही एक पर्याय जोडलात, ज्याने फझी ओळीही पक्क्या समजून आत घेतल्या जातात. गेटटेक्स्टमध्ये तो पर्याय आहे, पण तो भाषांतरकाराला आपलं काम पडद्यावर घालून बघायला ठीक. गिऱ्हाइकाला द्यायच्या मालात नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मेनूत जुनी ओळ होती 'निवडलेल्या नोंदी काढून टाका'. तुम्ही तिच्याखाली नवी ओळ घातली, न निवडलेल्या नोंदी काढून टाकण्याची. इंग्रजीत दोन्हींत दोन-तीन अक्षरांचा फरक, सिलेक्टेड आणि अनसिलेक्टेड. गेटटेक्स्टने अंदाज केला, जुनं मराठी नव्या ओळीला चिकटवलं, फझीचा शिक्का मारला. त्याने आपलं काम चोख केलं होतं. शिक्का तुम्ही पुसलात. मेनूत एकाखाली एक दोन ओळी आल्या, दोन्हींवर 'निवडलेल्या नोंदी काढून टाका'.

दिवाळीचा आठवडा होता. वर्षभराच्या मजुरीवर 8.33 टक्क्यांनी बोनस काढायचा होता. काका सोडून गेलेल्या एका कामगाराच्या नोंदी निवडून काढायला गेले आणि खालची ओळ दाबली गेली. त्याच्या तेवढ्या राहिल्या, बाकी सगळ्यांच्या गेल्या. सवयीने त्यांनी सेव्ह केलं, मशिन बंद केलं आणि घरी गेले. सकाळी मला फोन. पेनड्राइव्हवरची प्रत गणपतीच्या आसपासची. मधल्या सगळ्या आठवड्यांची मजुरी कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा चढवली, काका, मालकांची मुलगी आणि मी, तीन रात्री बसून. बोनस वेळेवर वाटला गेला. काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त म्हणाले, "मराठीत लिवलंय म्हणून बघितलं नाही परत."

तुमच्यापर्यंत पोचवायची गोष्ट हीच आहे. रिकामी ओळ इंग्रजीत दिसते तेव्हा काका थांबतात. चष्मा वर करतात, मालकांच्या मुलीला हाक मारतात, नाहीतर मला फोन करतात. ओळ मराठीत दिसली की ते थांबत नाहीत, कारण ती कोणीतरी त्यांच्यासाठी लिहिली आहे असं ते धरून चालतात. नऊ वर्षं ते खरंही होतं. तुम्ही टक्केवारी वाढवलीत ती या विश्वासातून उचल घेऊन, आणि मला न विचारता. मी केलेलं मराठी आणि यंत्राने ओतलेलं मराठी एकाच फाइलीत, एकाच रंगात, माझ्या नावाखाली पडलं आहे. अकरा ठिकाणी लोक मला विचारतात, "सर, तुम्ही असं कसं लिहिलंत?"

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. भाषा पन्नासच्या वर, त्यातल्या निम्म्यांना वाली नाही, आणि अर्धवट भाषांतराचा पडदा वाईट दिसतो अशी तक्रार दर आठवड्याला येते. यंत्र चुटकीसरशी भोकं बुजवून देतं. मलाही मोह झाला असता. आणि यंत्राशी माझं वैर नाही. सूचना म्हणून ते बाजूला उभं राहू दे, त्यातलं निम्मं मी घेईनही. तुमच्यातल्या एका गृहस्थांनी असंही सुचवलं की पटत नसेल तर कोड मोकळा आहे, आपली वेगळी आवृत्ती काढा. अहो, एका भाषेसाठी अख्खा प्रोग्रॅम वेगळा काढून त्याचे सुरक्षेचे पॅच, इन्स्टॉलर, लायब्रऱ्या जन्मभर सांभाळत बसू का? गटाराचं झाकण सरकलंय म्हणून सांगायला आलेल्याला नवा रस्ता बांधा म्हणण्यातला प्रकार आहे हा.

मागण्या थोड्या आहेत.

मार्चच्या आवृत्तीतून यंत्राने भरलेली आणि माणसाने न तपासलेली प्रत्येक ओळ काढा. मराठी 78 टक्क्यांवर आलं तर येऊ द्या, ते 78 माझे आहेत. फझी ओळी आत घेणारा पर्याय स्क्रिप्टमधून आजच काढा, सगळ्या भाषांसाठी. यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

80 टक्क्यांची अट ठेवायचीच असेल तर ठेवा, पण एखादी भाषा यादीतून काढण्याआधी तिच्या भाषांतरकाराला दोन महिने आधी कळवा, आणि बदलांच्या नोंदीत भाषेचं नाव घेऊन लिहा. 'साफसफाई' नको. आमच्या भाषा केर नाहीत.

ओळी गोठवल्यावर तीन आठवडे द्या. टिंबं, अवतरणचिन्हं, कॅपिटल असले बदल कराल तेव्हा पीओ फाइलींमध्येही ते त्याच वेळी करा. ती स्क्रिप्ट मी लिहून देतो.

आणि इंग्रजी ओळ लिहिताना तिच्यावर एक वाक्याची टीप ठेवायची सवय लावा. 'अमुक डिलीटेड' या एकाच ओळीत तुम्ही पावती, चेक आणि खातं तिन्ही बसवता. मराठीत पावती काढली जाते, चेक काढला जातो, खातं काढलं जातं. शिवाय खातं पुढं प्रत्यय लागला की 'खात्यात' होतं, तुम्ही सुटा शब्द आणून चिकटवला की 'खातं मध्ये' असं काहीतरी तिरपागडं दिसतं. तीन गोष्टींसाठी तीन पूर्ण वाक्यं लिहा. तुम्हाला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, पन्नास भाषांची डोकेदुखी जाईल.

या बदल्यात माझ्याकडून : विंडोजचा इन्स्टॉलर पुन्हा बांधायला मी तयार आहे, आणि मराठी-तेलुगूच्या सगळ्या यंत्र-ओळी शिक्षिकाबाई आणि मी मिळून चार महिन्यांत तपासून देऊ. त्याआधी त्या कोणाच्या पडद्यावर जाता कामा नयेत.

31 मार्चला आमच्याकडे वर्षाचे हिशेब मिटतात. तुमची आवृत्ती त्याच महिन्यात येते आहे. 10 मार्चपर्यंत उत्तर आलं नाही, तर अकराही ठिकाणी मी स्वतः जाऊन अपडेट बंद करून, गेल्या वर्षी जानेवारीआधी निघालेली, मराठी शाबूत असलेली आवृत्ती बसवणार आहे, आणि सप्टेंबरच्या मराठी फाइलीवरून माझं नाव काढावं असा अर्ज तुमच्याकडे येईल. काकांच्या मशिनवर ती जुनी आवृत्ती मी कालच बसवली.

आपला,
मराठी भाषांतरकार
अशोक चौक, सोलापूर

ता. क. : कन्नड अजून यादीबाहेरच आहे, कारण त्यांच्यापैकी कोणी फोन केला नाही. माझा जुना पॅच तसाच पडून आहे. त्यातली आता दोनच अक्षरं घालायची उरली आहेत.